शिल्प आणि शाई: एका दालनात दोन प्रदर्शनं की एक?

चिंचोका (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा)

मंडळी, परवा नवा चष्मा करायला टाकला. दुकानदार म्हणाला, "दोन तास लागतील, फिरून या." बाहेर पाऊस असा की फिरणार कुठे? शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक छोटं कलादालन आहे. जिन्यापाशी फलक होता, शिल्पं आणि शाईची चित्रं, दोघांचं संयुक्त प्रदर्शन. दाराशी छत्र्या ठेवायला बादली होती, आत पंखा होता, प्रवेश फुकट होता. शिरलो.

(दालनाचं आणि दोघा कलाकारांचं नाव मुद्दाम टाकत नाही. पुढे थोडी कुरकुर आहे आणि ती माझ्या जुन्या चष्म्याचीही असू शकते.)

आत अकरा शिल्पं आणि बावीस चित्रं. शिल्पांपैकी चार ब्राँझची, सहा आपल्या काळ्या दगडातली, एक नुसत्या लोखंडी सळ्यांचं. चित्रं सगळी काळ्या शाईतली. घाटातले कातळ, त्यावरून उतरणारं पाणी, धुकं. पाणी आणि धुकं काढलेलंच नाही, तिथे कोरा कागद ठेवलाय. हे मला फार आवडलं.

पहिली वीस मिनिटं मी भिंतीला चिकटून एक फेरी मारली आणि चित्रं पाहिली. मग मधल्या चौथऱ्यांभोवती फेरी मारून शिल्पं पाहिली. बाहेर पडताना लक्षात आलं की आपण दोन प्रदर्शनं पाहिली. एका तिकिटात दोन खेळ, तेही तिकीट नसताना. चित्रं पाहताना शिल्पं पाठीशी होती, शिल्पं पाहताना चित्रं म्हणजे नुसती भिंत.

एकाच कोपऱ्यात वेगळं काही घडलं. तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता, आडवा पहुडलेल्या म्हशीसारखा. म्हैस नव्हे, पण पाठ तशी. पाठ गुळगुळीत घोटलेली आणि काळीभोर. पोटाकडे छिन्नीचे घाव तसेच ठेवलेले, आणि तो भाग राखेसारखा करडा. मला वाटलं वरून काळा रंग दिलाय. वाकून पाहिलं तर रंग कुठेच नाही, दगड एकच. मान वर केली तर समोरच्या चित्रात तोच प्रकार: एकीकडे दाट काळं आणि तिथून पातळ होत होत करडं, मग कागद.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. दुकानदाराचा फोन आला तेव्हा निघालो.

तर जाणकारांना विचारायचंय: (१) दोन माध्यमं एका छपराखाली ठेवली की प्रदर्शन 'संयुक्त' होतं का? (२) तो दगड दोन रंगांचा कसा?

---

टपरीवरचा

पयला! शीर्षक वाचून वाटलं कुठल्या पुतळ्यावर शाईफेक झाली. पॉपकॉर्न घेऊन आलो होतो. निराशा झाली. हलकेच घ्या.

---

टाकीचे घाव

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे. वीस वर्षं दगडात काम करतोय.

तुम्ही पाहिलात तो बेसाल्ट. सह्याद्री ज्याचा झालाय तो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फोडला की आतून करडा निघतो. छिन्नी लागली की पृष्ठभाग चुरडतो, बारीक खाचखळगे होतात. त्यावर पडलेला उजेड दाही दिशांना पांगतो आणि डोळ्याला तो भाग फिका दिसतो. तोच दगड कार्बोरंडमने (घासायचा कडक दाणा) घासत नेला, आधी जाड दाण्याचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, की खळगे जातात. उजेड पांगत नाही आणि दगडाचा मूळ काळा वर येतो. रंग नाही, पॉलिशची बाटली नाही, नुसतं घासणं. तळहाताएवढा भाग आरशासारखा करायला माझा अख्खा दिवस जातो, आणि दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो.

म्हणून आम्ही काळ्या दगडात काम करणारे 'रंग' ठरवतो तो हत्यार कुठे थांबवायचं यावरून. संगमरवरात ही गंमत एवढी मिळत नाही. तो घोटला तरी पांढराच.

आता पहिला प्रश्न. खरं सांगू? बहुतेक संयुक्त प्रदर्शनं भाड्यामुळे संयुक्त असतात. आठवड्याचं भाडं, चौथरे, ने-आण, छापील पत्रिका, उद्घाटनाचा चहा. शिल्पकाराला भिंत नको असते आणि चित्रकाराला जमीन नको असते. दोघांनी हॉल घेतला की एक फूटही वाया जात नाही. माझं पहिलं प्रदर्शन असंच झालं, एका निसर्गचित्रकाराबरोबर. आमचं एकमेकांच्या कामाबद्दल कधी बोलणंच झालं नाही. बोललो ते टेम्पोच्या भाड्याबद्दल.

---

निळी दौत

टाकीचे घाव, भाड्याचा मुद्दा शंभर टक्के. पण म्हणून जोडी जुळतच नाही असं नाही हो. अरेंज्ड मॅरेजं टिकतातच की. :)

मी शाईत काम करते, म्हणून शाईच्या बाजूने थोडं.

चिंचोका, तुम्ही जे 'पातळ होत होत करडं' म्हणताय ना, त्यात करडी शाई नसते. शाई एकच, काळी. बाकी सगळं पाणी. चिनी परंपरेत शाईला पाच रंग मानतात, तेही एकाच कांडीतून काढलेले. ही कांडी म्हणजे काजळी आणि सरस यांची वडी. दगडी पाट्यावर पाणी घेऊन ती सहाणेवरच्या चंदनासारखी उगाळायची. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे काजळी आणि डिंक घोटून शाई करत आणि बोरूने लिहीत. तत्त्व तेच, काजळी आणि तिला धरून ठेवणारा चिकटा. बाजारातल्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये लाख असते, म्हणून ती वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. (आणि म्हणूनच ती फाउंटन पेनात घालू नका. मी बाबांचं एक पेन असं कायमचं बंद पाडलंय.)

शाई ओली असताना जेवढी काळी दिसते तेवढी वाळल्यावर राहत नाही. उतरते. किती उतरेल हे कागदावर, पाण्यावर आणि त्या दिवशीच्या हवेवर. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा पातळ हात, वाळायला एवढा वेळ लागतो की कडा स्वतःच सरकतात. म्हणजे मी जे काढते ते मला अर्ध्या तासाने दिसतं. तोवर हात चोळत बसायचं.

आणि खोडता येत नाही. पेन्सिलवाल्यांना खोडरबर आहे, तैलरंगवाल्यांना खरवडून पुन्हा लावता येतं. शाई कागदात उतरली की उतरली. या बाबतीत मला दगडवाले जवळचे वाटतात. निघालेली कपची परत चिकटत नाही.

---

टाकीचे घाव

हे मात्र अर्धंच खरं. दगडात तुमचं म्हणणं पटतं. पण ब्राँझ मुळात मातीत किंवा मेणात होतं आणि तिथे वाटेल तेवढं लावा, वाटेल तेवढं काढा. शाडू म्हणजे शिल्पकाराची पेन्सिल समजा. कपडा ओला ठेवला की महिनाभर चुका सुधारत बसता येतं.

मग साचा, मग मेणाची प्रत, तीन-चार मिलिमीटर जाडीची, आतून पोकळ. तिच्याभोवती पुन्हा साचा, भट्टीत मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत धातू आत. मेणाच्या वजनाच्या साधारण नऊ-दहा पट ब्राँझ लागतं, कारण मेण पाण्याहून हलकं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या ग्रंथात ही मेणाची रीत लिहिलेली आहे, कुठल्या धातूला मेणाच्या किती पट वजन घ्यायचं त्याच्या मापासकट. त्या काळी वजनकाट्यावर अंदाज बांधून मूर्ती ओतत होते आणि आमच्या ओतारीत अजून गेल्या वर्षी धातू कमी पडला. पायाचा अंगठा राहिला!

ब्राँझचा काळाही शाईसारखा लावलेला नसतो. ओतल्यावर धातू सोनेरी-पिवळा असतो. ब्लोटॉर्चने तापवून त्यावर रसायन मारतात. गंधकाचं संयुग मारलं की तपकिरी-काळा, तांब्याचं नायट्रेट मारलं की हिरवा. तो रंग म्हणजे धातूच्या कातडीतच झालेला बदल असतो. वर मेणाचा हात.

---

सडेतोड

सगळं छान. पण सामान्य माणसाच्या मनातलं बोलतो. कोरा कागद ठेवला म्हणे आणि ते धुकं! अहो, माझ्या पुतण्याची प्रयोगवही अर्धी कोरी आहे, ते काय महाबळेश्वर का? आणि अशा चित्राला किंमत पंचेचाळीस हजार. दगडाला दोन-अडीच लाख. कोण घेतं हे?

---

निळी दौत

सडेतोड काका, पुतण्याला शाई द्या, एक जाड कागद द्या आणि सांगा की दोन काळ्या खडकांच्या मध्ये पाणी वाहतंय असं दाखव, पाण्याला हात न लावता. दोन्ही काठ एका दमात, ओल्यावर ओलं. काठ जरा फुटला की पाण्यात चिखल. मी याला चाळीस कागद वाया घालवते तेव्हा एक लागतो. ते चाळीस दालनात दिसत नाहीत.

किमतीचं म्हणाल तर मलाही कुणी सांगितलं तर बरं होईल, कोण घेतं ते. पत्ता द्या.

---

टपरीवरचा

निळी दौत यांना साष्टांग. चाळीस कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी होते का?

---

निळी दौत

होते. दूधवाल्याचा हिशेबही. घरात एकही कागद दोन्ही बाजूंनी कोरा नाही.

---

आल्प्सकर

उशिरा आलो. वाचनखूण साठवली.

झुरिकमध्ये राहून अकरा वर्षं झाली, म्हणून एक उदाहरण. इथल्या कुन्स्टहाउस संग्रहालयात स्विस शिल्पकार जाकोमेत्तीच्या शिल्पांचा फार मोठा संग्रह आहे. जुन्या शंभर फ्रँकच्या नोटेवरही तोच होता. आमच्याकडे पगाराच्या दिवशी त्याचं दर्शन होई. काडीसारखी लांब माणसं, अंगठ्याने चिमटून चिमटून केलेली. त्याची रेखाटनंही तशीच, एकच रेघ कधी नाही, एकावर एक शंभर रेघा. शेवटी शेवटी तर साधं बॉलपेन, हाताला लागेल त्या कागदावर, मासिकाच्या समासातसुद्धा. शिल्प आणि रेखाटन शेजारी ठेवलं की कळतं की माणूस दोन्हीकडे एकच काम करतोय, शोधत बसलाय, सापडत नाहीये. तिथे 'संयुक्त' वगैरे म्हणावंच लागत नाही, कारण हात एकच.

दुसरा इंग्रज शिल्पकार हेन्री मूर. १९४०-४१ मध्ये लंडनवर बाँब पडत होते तेव्हा लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायला जात. मूरने त्या झोपलेल्या रांगा काढल्या. रीत साधी पण अफलातून. मेणखडूने रेघा मारायच्या आणि वरून शाई-पाण्याचा वॉश फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, म्हणून रेघा उजळ राहतात आणि बाकी सगळं अंधारतं. पांघरुणातली ती माणसं दगडासारखी दिसतात. शिल्पकारानेच काढावीत अशी चित्रं.

म्हणून माझं मत: एकाच माणसाचं शिल्प आणि शाई एकत्र ठेवलं तर प्रदर्शन. दोन माणसांचं म्हणजे शेजार. शेजार चांगला असू शकतो, पण शेजारच.

---

जुनाट

आल्प्सकर, एवढं लांब कशाला जायचं?

आपल्याकडे मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा कलाकारांचा गट १९४७ मध्ये झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे. या सहांतले सदानंद बाकरे एकटे शिल्पकार. पाच चित्रकारांच्या भिंती आणि मधोमध एक शिल्पकार हा प्रयोग मुंबईने तेव्हाच पाहिलाय. बाकरे पुढे १९५१ मध्ये लंडनला गेले, तिथे चित्रंही काढू लागले, १९७५ मध्ये परत आले ते थेट कोकणात, मुरूड-हर्णैकडे. २००७ मध्ये गेले. मराठी माणसाला सूझा-हुसेन माहीत असतात, बाकरे सांगावे लागतात, हे माझं जुनं दुखणं आहे. असो.

आणि शाईचं विचाराल तर चित्रकार गायतोंडे. सगळ्यांना त्यांचे मोठे कॅनव्हास आठवतात. १९८४ मध्ये अपघात झाला, मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा त्यांनी काही काळ कागदावर शाईत लहान लहान कामं केली. लिपीसारख्या खुणा, पण वाचता येत नाहीत. कुठल्या तरी अक्षराची खूण आहे असं वाटतं आणि निसटतं. रंग सगळा गेला आणि तरी माणूस तोच.

एका हाताचं तेच प्रदर्शन, हे मला पटत नाही. उदाहरण देतो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. चित्रकार चित्तप्रसाद गावोगाव चालत गेले आणि कुंचल्याने काळ्या शाईत भुकेली माणसं काढली. त्यांची ती पुस्तिका ब्रिटिशांनी जप्त केली, बहुतेक प्रती नष्ट केल्या. पुढे हे गृहस्थ मुंबईत, अंधेरीला येऊन राहिले. त्याच दुष्काळात त्यांच्याबरोबर फिरून शिकलेला तरुण सोमनाथ होर. त्याने तेव्हा जे पाहिलं ते तीस वर्षांनी ब्राँझमध्ये आणलं. मेणाचे पातळ पत्रे कापून, वाकवून, फाडून केलेली हाडं-कातडी माणसं. एकाची शाई, दुसऱ्याचं ब्राँझ. दोघांची कामं शेजारी ठेवा आणि मग सांगा हा नुसता शेजार आहे का.

होरांचं आणखी एक सांगायचं तर 'जखमा' नावाची मालिका. मातीच्या पाटीवर सुरीने चिरे पाडायचे, तापल्या सळईने भोसकायचं, तिचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा लगदा दाबायचा. वाळला की पांढऱ्या कागदावर पांढरी जखम. शाईचा थेंब नाही. आता याला शिल्प म्हणा की चित्र, तुम्हीच ठरवा.

---

टाकीचे घाव

जुनाटकाका, दंडवत. 'जखमा' मी एकदाच प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. तिरप्या उजेडात पाहायला मिळाल्या म्हणून दिसल्या. समोरून झोत असता तर कोरा कागदच दिसला असता.

होरांचं एक मोठं ब्राँझ, आई आणि मूल, व्हिएतनामच्या लोकांसाठी केलेलं. पूर्ण झालं आणि शांतिनिकेतनातून चोरीलाच गेलं. आजतागायत सापडलं नाही. आम्हा लोकांत ही गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगतात.

---

फ्रेमवाला

उजेडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. एरवी मी वाचनमात्र.

माझा धंदा फ्रेमिंगचा आणि प्रदर्शनं टांगून देण्याचा. चिंचोका, तुम्हाला ती 'दोन प्रदर्शनं' का वाटली याचं निम्मं उत्तर माझ्या मते दिव्यात आहे. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. म्हणजे मिणमिणताच. काजळीची शाई उडत नाही, पण कागद पिवळा पडतो, आणि रंगद्रव्याऐवजी डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, असलेली शाई असेल तर तीही उडते. दगडाला आणि ब्राँझला मात्र उजेडाचं भय नाही. त्यांना एका बाजूने कडक झोत लागतो, नाहीतर उठाव दिसत नाही, बटाटा दिसतो. एकाला देवघरातली समई, दुसऱ्याला मांडवातला हॅलोजन. आणि खोली एकच.

मग होतं काय, की शिल्पावर झोत मारला की तो समोरच्या फ्रेमच्या काचेत दिसतो. काळ्या शाईच्या चित्रात हे सगळ्यात वाईट, कारण काळ्यावर काच म्हणजे आरसाच. पाहणाऱ्याला खडकाऐवजी दिवा आणि स्वतःचं पोट दिसतं. परावर्तन न करणारी काच मिळते, पण तिचा भाव ऐकून चित्रकार माझ्याकडे असं बघतात की जणू मीच तिची खाण काढलीय. पुष्कळांना अॅक्रिलिक शीट चालते. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्राला ती नको, तिच्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते. शाई कागदात मुरलेली, तिला काही होत नाही.

चिंचोका, ज्या कोपऱ्यात तुम्हाला ते दगड-चित्र जुळलेलं दिसलं तिथे दिवा कसा होता आठवतंय?

---

चिंचोका

फ्रेमवाला, तुम्ही खरंच विचारलंत म्हणून डोकं खाजवलं. त्या कोपऱ्यातला एक दिवा बंद होता! बहुधा गेलेला. खिडकी होती, पावसाळी उजेड बाजूने येत होता. आणि हो, बाकीच्या चित्रांत मला दिवे दिसत होते, मी ते चष्म्यावर ढकललं.

म्हणजे प्रदर्शनात जे जुळलं ते बल्ब उडाल्यामुळे जुळलं??

---

टपरीवरचा

महावितरणला सहकलाकार म्हणून श्रेय द्या.

---

सडेतोड

एक शंका, खरीच. ब्राँझच्या शिल्पाखाली ३/८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आठातलं तिसरं? मग ते मूळ कसलं? ती तर झेरॉक्स झाली.

---

टाकीचे घाव

चांगली शंका आहे. साचा एकदा झाला की त्यातून अनेक प्रती ओतता येतात. फ्रान्समध्ये नियम असा की आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या, अशा बारांपर्यंतच्या प्रतींना मूळ काम मानायचं. जगभर बरेच जण तेच पाळतात. प्रत्येक प्रतीचं मेण पुन्हा हाताने दुरुस्त होतं, ओतल्यावर पुन्हा छिलाई, पुन्हा रंगक्रिया, त्यामुळे दोन प्रती जुळ्या भावांइतक्याच सारख्या. दगड मात्र एकटा. शाईचं चित्रही एकटं. त्या बाबतीत दौतताई म्हणतात ते बरोबर, दगड आणि शाई एका घरातले.

आणि फायबर ग्लासवर ब्राँझचा रंग मारून ठेवलेलंही सर्रास असतं बरं का. खाली 'फायबर' असं लिहिलं असेल तर काही वाईट नाही. लिहिलं नसेल तर वाईट.

---

आल्प्सकर

जुनाटकाका, चित्तप्रसाद-होर उदाहरण मान्य. 'शेजारच' हा शब्द मागे घेतो. पण तिथे दोघांना बांधणारा दुष्काळ आहे. चिंचोकांच्या प्रदर्शनात बांधणारं काय? कातळ हा विषय? शिल्पं तर कातळाची नव्हती ना?

---

चिंचोका

नव्हती. शिल्पांना बहुतेक 'शीर्षक नाही' असंच शीर्षक होतं. ब्राँझ म्हणजे गुंडाळलेली वळकटी वाटावी असे आकार. सळ्यांचं शिल्प एका माळ्यावरच्या शिडीसारखं. विषयाने काहीच जुळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती चार ब्राँझं मला आज नीट आठवतही नाहीत. सळ्यांचं आठवतं, कारण त्याची सावली भिंतीवर पडून एका चित्राच्या फ्रेमवर चढली होती आणि मला वाटलं फ्रेम तडकलीय.

उद्या शेवटचा दिवस आहे. नवा चष्मा घेऊन पुन्हा जातो.

---

निळी दौत

जा आणि कागद कुठला आहे ते विचारा ना प्लीज. जाड हातकागद असेल तर वॉश वेगळा बसतो. 'राइस पेपर' असं सांगितलं तर भाताचा आहे असं समजू नका. चिनी शुआन कागदात मुख्यतः एका झाडाच्या सालीचा धागा असतो, भाताचा पेंढा जोडीला. सरस-तुरटीचा हात न दिलेला असेल तर शाई टेकताक्षणी पसरते, कुंचला अर्धा सेकंद जास्त थांबला की मांजराएवढा डाग.

---

चिंचोका

जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो.

सकाळी अकराला पोचलो, दालनात मी, एक रखवालदार आणि शिल्पकार स्वतः. चित्रकर्त्या बाई दुपारी येणार होत्या. बंद दिवा दुरुस्त झाला होता! आणि तो कोपरा मेला होता. दगडावर वरून पांढरा झोत, घोटलेल्या पाठीवर दिव्याचा चकचकीत ठिपका, मागच्या चित्राच्या काचेत तोच ठिपका. फ्रेमवाला, तुमची आठवण काढली.

धीर करून शिल्पकाराला म्हटलं, परवा हा दिवा बंद होता तेव्हा फार छान दिसत होतं. मला वाटलं रागावतील. त्यांनी रखवालदाराला हाक मारली, स्टूल आणवलं आणि स्वतः चढून बल्ब अर्धा फिरवला. म्हणाले, "मी उद्घाटनालाच सांगत होतो."

मग भाड्याचं विचारलं. (टाकीचे घाव, तुमचा मुद्दा.) हसले. हो, सुरुवात भाड्यापासूनच. दोघांची ओळख एका सामाईक मित्रामुळे, कामं ठरली तेव्हा एकमेकांची पाहिलेली नव्हती. पण टांगायच्या आदल्या रात्री बाईंनी ते चित्र या दगडासमोर आणून ठेवलं आणि बाकीची सगळी मांडणी घड्याळात बघत उरकली. म्हणजे तो कोपरा बल्बने नाही, बाईंनी जुळवला होता. बल्ब उडाला म्हणून मला दिसला एवढंच.

मी दगडाच्या दोन रंगांबद्दल इथे वाचलेलं बोलून दाखवलं, जरा शायनिंग मारत. ते म्हणाले, "थांबा, दाखवतो." पिशवीतून पाण्याची बाटली काढली, फडकं ओलं केलं आणि दगडाच्या करड्या पोटावरून फिरवलं. पोट काळं झालं. पाठीइतकंच काळं. छिन्नीचे घाव दिसेनासे झाले नाहीत, उलट एकेक मोजता येईल असा दिसू लागला, पण करडा रंग साफ गेला. टाकीचे घाव यांनी सांगितलं तेच, खळगे पाण्याने भरले आणि उजेड पांगायचा थांबला.

मग ते वाळायला लागलं. पावसाळी हवा, पंखा हळू. आधी घावांच्या धारा करड्या झाल्या, काळ्यात पांढरट रेघा उमटल्यासारख्या. मग दोन घावांमधली सपाटी. खोल खाचांतलं पाणी सगळ्यात शेवटी गेलं. मी एकदा दगडाकडे आणि एकदा मागच्या चित्रातल्या करड्या वॉशकडे बघत होतो. काच आता नुसती काच होती, तिच्यात दिवा नव्हता. तिकडे कागदावर जे कधीतरी वाळून उतरलं होतं ते इकडे समोर उतरत होतं. दहा-बारा मिनिटं लागली असतील. कुणी काही बोललं नाही. रखवालदारही स्टूल हातात धरून उभा होता.

फरशीवर सांडलेलं पाणी पुसायला तोच शेवटी गेला.

दौतताई, कागद हातकागदच आहे, जाड. तुरटीचा हात बाई स्वतः देतात असं कळलं. सडेतोड, चित्राखाली लाल टिकली होती, विकलं गेलंय. दगडाखाली नव्हती. तो संध्याकाळी टेम्पोने परत जाणार होता, गोधडीत गुंडाळून.

---

टाकीचे घाव

गोधडीच बरी. बबल रॅप घोटलेल्या दगडावर उन्हात ठेवला तर ठसे उठतात. पुन्हा तीन दिवस घासा.

---

निळी दौत

तुरटीचं प्रमाण विचारलंत का??

---

चिंचोका

विसरलो. बाई भेटल्याच नाहीत.

---

टपरीवरचा

चष्मा कितीला पडला?